खळ्यावर न पोचलेली पत्रं

नितेश गावंडे आठवीत माझ्या वर्गात होता. निबंधाचा तास, विषय 'माझा आवडता सण', आणि हा पठ्ठ्या शाईच्या पेनाचे सगळे भाग सुटे करून वहीवर मांडून बसलेला. मी उभं केलं. म्हणाला, "बाई, पेन अटकून राह्यला होता. आदी तो पाह्यला." तास संपेपर्यंत पेन झरझर चालायला लागला होता आणि निबंधाची एक ओळ झाली नव्हती. मी त्याला शून्य दिलं. त्याने ते हसत घेतलं, याचा मला जास्त राग आला.

आज तो सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि तसूभरही सुधारलेला नाही. घरची काळ्या मातीची शेती बार्शीटाकळीकडे, ती थोरला भाऊ पाहतो. हा शिकायला अमरावतीला आला तो इथलाच झाला. एका कॉलेजात सर्व्हर सांभाळतो आणि राजापेठेत माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून एका ट्यूशन क्लासच्या वर राहतो. खाली पोरांच्या गाड्यांचा इतका कल्ला असतो की माणूस स्वतःचं बोलणं विसरेल. नितेशला काही फरक पडत नाही, कारण तो मुळात बोलतच नाही. वस्तू मात्र एक फेकत नाही. त्याची बायको आचल म्हणते, "यायले एक डबा फेका म्हनलं तर हे तो डबा ठेवाले दुसरा डबा आनतात."

मी चारुशीला. एकाहत्तर पूर्ण. मराठी शिकवण्यात हयात गेली, आणि समोरच्याचं चुकलेलं दिसलं की गप्प बसता येत नाही, हा रोग निवृत्तीनंतरही गेलेला नाही. पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या रोगात आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

२०१० साली बापूसाहेबांनी 'खळं' सुरू केलं. बापूसाहेब अकोल्याचे वकील, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. वऱ्हाडी शब्द मरत चालले आहेत, ते गोळा करायचे, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या वेळी व्हॉट्सॲप आमच्यापर्यंत आलं नव्हतं. नितेशने एका जुन्या कॉम्प्युटरवर मेलची यादी चालवायची सोय करून दिली: एका पत्त्यावर मेल पाठवली की ती सगळ्या सभासदांना जायची. वाढता वाढता सभासद तीनशे बारा झाले. बहुतेक साठीच्या पुढचे, अमरावतीपासून अमेरिकेपर्यंत पांगलेले वऱ्हाडी. मेल असली तरी लिहायची पद्धत पत्राची. माथ्यावर श्री, शेवटी 'कळावे, लोभ असावा'. रोज सकाळी एक शब्द यायचा आणि दिवसभर त्यावर दंगल चालायची. मी गटाची चालक, म्हणजे पंचही मीच आणि भांडणारीही मीच.

त्यातले एक किसनराव. अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचे, शेती खेड्यावर. वयाच्या बासष्टाव्या वर्षी सुनेकडून कॉम्प्युटर शिकले आणि चौदा वर्षांत सहाशेच्या वर शब्द पाठवले. कपाशीच्या शेवटच्या वेचणीनंतर शेत मोकळं होतं त्याला 'उलंगवाडी' म्हणतात, हे आमच्या शहरी सभासदांना त्यांनी शिकवलं. मी त्यांना कधी भेटले नाही. आमच्यातलं कोणीच फारसं कोणाला भेटलेलं नव्हतं, आणि त्याची गरजही वाटली नव्हती.

गेल्या वर्षी मार्चपासून किसनरावांचं लिहिणं थांबलं. माझ्या मनात आलं, गेले असतील व्हॉट्सॲपवर. बरेच जण असे गळाले होते आणि मी प्रत्येकाला मनातल्या मनात बेइमान ठरवून मोकळी झाले होते.

नऊ मे हा किसनरावांचा वाढदिवस. वाढदिवसाची शुभेच्छा नितेशचा सर्व्हर आपण होऊन पाठवायचा. मजकूर माझाच: 'खळ्याकडून उदंड आयुष्याच्या शुभेच्छा. शतायुषी व्हा.' ती सकाळी गेली. दुपारी माझ्या खासगी पत्त्यावर किसनरावांकडून मेल आली. नाव पाहून मला बरं वाटलं. उघडली.

'बाई, मी पौर्णिमा, किसनरावांची सून. बाबा अकरा मार्चला गेले. त्याच दिवशी मी त्यांच्या मेलवरून खळ्यावर कळवलं होतं. एकानेही एक ओळ लिहिली नाही. आज उदंड आयुष्याच्या शुभेच्छा आल्या. बाबा आईंना नेहमी सांगायचे, माझी तीनशे माणसं आहेत. तेराव्याला आईंनी वाट पाहिली. आता त्या रोज मला विचारतात, हा माणूस चौदा वर्षं बोलत कोणाशी होता? त्यांना काय सांगू तेवढं कळवा. आणि शुभेच्छा बंद करा.'

मी ती मेल तीनदा वाचली. मग मला राग आला, कारण असं काही खळ्यावर आलंच नव्हतं; आलं असतं तर मी पहिली लिहिणारी. मी नितेशला फोन केला. जेवणाच्या सुटीत तो लॅपटॉप घेऊन आला, बूट काढून जमिनीवर बसला आणि मेल वाचली.

"पोरगी खोटी बोलते का रे?" मी विचारलं.

"नाही बाई. मेल हरपत नाही. कुठी ना कुठी पडून रायते. पाहू."

मेलखाली दिलेल्या नंबरावर त्याने पौर्णिमाला फोन लावला. ती तुटक बोलत होती, पण विचारलेलं सांगत होती. किती वाजता पाठवली? दहा चाळीस. पाठवलेल्यांत दिसते का? दिसते. पत्ता अक्षर अक्षर वाचा. तिने वाचला, बरोबर होता. सर्व्हर दिवसभर आपली रोजनिशी लिहीत असतो, तिला हे लोक लॉग म्हणतात. नितेशने तेरा वर्षांचे लॉग राखून ठेवले होते, फेकायचं माहीतच नाही. त्यात अकरा मार्च, दहा चाळीस, किसनरावांच्या पत्त्यावरून मेल आली, स्वीकारली, अशी स्वच्छ नोंद सापडली. त्यापुढे ती तीनशे बारा जणांकडे गेल्याची एकही ओळ नव्हती.

"आली, पण गेली नाही," तो म्हणाला. "घरात शिरली अन् मंग कुठी गेली थे दिसून नाही राह्यलं."

मग त्याने पौर्णिमाला किसनरावांच्या मेलवरून खळ्यावर एक चाचणीची मेल टाकायला सांगितली. मी नको म्हणेपर्यंत तिने टाकलीही. अर्ध्या मिनिटात माझ्या फोनवर आली. 'किसनराव' असं नाव, वर श्री, खाली एकच शब्द: चाचणी. पाच मिनिटांत पुसदच्या एका सभासदाचं उत्तर आलं. 'अहो किसनराव, होते कुठं इतके दिवस? तब्येत बरी ना?'

फोन चालूच होता. पलीकडे पौर्णिमाने ते मोठ्याने वाचलं असावं, कारण मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "कोन इचारते व तब्येत? कोनाची इचारते?" त्या मनकर्णाबाई, किसनरावांच्या पत्नी. पौर्णिमाने उत्तर न देता फोन ठेवला.

मी नितेशवर भडकले. दुसऱ्या कुठल्या पत्त्यावरून चाचणी करता आली नसती का? मेलेल्या माणसाच्या नावाने कशाला?

"ज्या रस्त्यानं थे मेल गेली त्याच रस्त्यानं जा लागते, बाई," तो म्हणाला. त्याचा चेहराही उतरला होता, पण काम सोडलं नाही. "रस्ता साफ हाय. म्हंजे रस्त्यात काही नाही. त्या मेलीतच काही होतं."

थोड्या वेळाने पौर्णिमाने ती मूळ मेल नितेशच्या पत्त्यावर पाठवली. फोटो जोडला होता म्हणून अडली असेल का? त्याने फोटो जोडून माझ्या पत्त्यावरून पाठवून पाहिलं, पोचलं. मेल लांब होती का? सहा ओळींची. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा मला आठवलं की आदल्या दिवाळीत सुगतचे वडील वारल्याची मेल खळ्यावर नीट आली होती. सुगत आमचा यवतमाळचा सभासद. त्या मेलला चाळीसेक उत्तरं गेली होती.

"मंग थे आली अन् हे काहून नाही?" नितेशने दोन्ही मेली शेजारी शेजारी उघडल्या आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "बाई, तुमी पाहा. मले भाषेतलं समजत नाही."

वह्या तपासायची सवय. मी वरून सुरुवात केली. सुगतच्या मेलच्या माथ्यावर 'जयभीम' होतं. पौर्णिमाच्या मेलच्या माथ्यावर काहीच नव्हतं. एकदम 'कळवण्यास अत्यंत दुःख होते' अशी सुरुवात.

"हिने वर श्री नाही लिहिलेलं," मी म्हणाले. "बरोबरच आहे म्हणा. मृत्यूच्या पत्राला श्री घालत नाहीत."

नितेशचा हात कीबोर्डवर होता तिथेच थांबला. आम्हा दोघांना एकाच वेळी आठवलं.

२०११ साली खळ्यावर टोळधाड आली होती. परदेशी लॉटऱ्या, टक्कल घालवायची औषधं, कुठल्याशा राजपुत्राचा वारसा, रोज साठ-सत्तर मेली. बापूसाहेब गट बंद करायला निघाले. तेव्हा मी तावातावाने म्हणाले होते, "ज्याच्या माथ्यावर श्री नाही त्याला मी पत्रच म्हणत नाही. असली पत्रं दारातच अडवली पाहिजेत." बोलून गेले. नितेशने दुसऱ्या दिवशी तसा नियम घालून दिला: पहिल्या ओळीत श्री नसेल ती मेल पुढे जाणार नाही, बाजूच्या एका फोल्डरात पडेल. पाठवणाऱ्याला कळवायचंही नाही, कारण चोराला घर बरोबर सापडल्याचं कशाला सांगा? सुगतने तेव्हाच खडसावलं होतं, "बाई, आमच्या पत्रावर जयभीम असतो. आमी काय बाहेर उभं राहायचं?" त्याचं खरंच होतं. मग जयभीम आत आलं, महानुभावांचं दंडवत प्रणाम आलं, सलाम आलं. टोळधाड एका रात्रीत थांबली. बापूसाहेबांनी खळ्यावर माझं जाहीर कौतुक केलं आणि मी ते महिनाभर मिरवलं.

नितेशने पहिले दोन महिने ते फोल्डर रोज पाहिलं. निव्वळ कचरा असायचा. मग पाहणं सोडलं, लॉग फुगायला नको म्हणून तिथली नोंदही बंद केली, आणि सर्व्हर तीनदा बदलला तेव्हा तो नियम गाठोड्यातल्या जुन्या कपड्यासारखा सोबत येत राहिला. फोल्डर मात्र त्याने पुसलं नव्हतं.

"किती आहेत त्यात?" मी विचारलं.

"एक्केचाळीस हजार."

मराठीतल्या वेगळ्या काढल्या तर साडेचारशे निघाल्या. बऱ्याचशा विसराळू सभासदांच्या. श्री राहून गेलं म्हणून त्यांनी नंतर पुन्हा पाठवलेल्या. त्या सोडून बाकीच्या शोधायला काय शब्द घालू, असं नितेशने मला विचारलं. वऱ्हाडी शब्दांच्या गटाची मी चालक. मला मरणाचे सगळे शब्द येत होते.

"निधन," मी म्हणाले. त्याने घातला. नऊ मेली वर आल्या.

"वारले. वारल्या." सहा.

"देवाज्ञा." तीन. "प्राणज्योत." दोन. "आपल्यात नाहीत." मी एकेक शब्द सांगत होते आणि तो टाइप करत होता. 'निवर्तले' म्हणताना मला वाटलं होतं की हा आता कोणी वापरत नाही, पण एक निघालीच.

माझ्या डोळ्यांसमोरून ती यादी अजून हलत नाही. डावीकडे पाठवणाऱ्याचं नाव, उजवीकडे विषय. घरच्यांनी त्या त्या माणसाच्याच पत्त्यावरून कळवलेलं, त्यामुळे प्रत्येक जण आपण मेल्याचं स्वतःच सांगत होता. माणिकबाई काळे: माणिकबाई काळे यांचे निधन. एकेकाचं नाव वाचून मी "अरे, हे पण?" म्हणत होते. ज्यांना मी बेइमान ठरवलं होतं ते तिथे ओळीने पडून होते. २०१३ पासूनचे. आणि त्यांतल्या प्रत्येकाला सर्व्हर दर वर्षी शतायुषी व्हा म्हणत होता. एकूण सत्तावीस.

अठरावं नाव बापूसाहेबांचं होतं.

बापूसाहेब २०१८ला मुलाकडे, केदारकडे, बंगळुरूला गेले. जाण्यापूर्वी एका शब्दावरून मी त्यांना सगळ्यांदेखत चूक म्हटलं होतं, आणि त्यानंतर त्यांचं लिहिणं थांबलं. रुसले, असं मी धरून चालले. मीही हट्टाला पेटले. पहिलं पत्र त्यांचंच येऊ दे. केदारची मेल २०२०च्या ऑगस्टमधली होती. 'बापूंना आज सकाळी देवाज्ञा झाली. दोन वर्षांपासून उजवा हात चालत नव्हता, त्यामुळे लिहिता येत नसे, पण खळ्यावरच्या मेली मी रोज वाचून दाखवायचो. चारुशीलाबाईंना वेगळं कळव, असं सांगून गेले. त्यांचा फोन नंबर मिळाला नाही, म्हणून इथेच कळवतो.'

चार वर्षं मी एका मेलेल्या माणसावर रुसून होते. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

नितेशने चष्मा काढून बाजूला ठेवला. "मी कचरा समजलो, बाई," तो म्हणाला. "एक डाव उघडून पाह्यलं असतं तं."

"नियम माझा होता."

"नियम तुमचा. पाहाचं काम माहं होतं."

मी म्हटलं, आता लगेच सगळ्या मेली सोडून दे, जाऊ देत सगळ्यांना. एका बटणाचं काम होतं. त्याने मान हलवली. आधी अकोल्याला जायचं म्हणाला. ज्या घराने विचारलं त्या घराला आधी उत्तर द्यायचं, आणि ते मेलने द्यायचं नाही. मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. नितेशच्या मांडीवर एक पुठ्ठ्याची फाइल होती; सत्तावीसही मेली त्याने छापून घेतल्या होत्या. मूर्तिजापूर मागे पडलं. मी खिडकीबाहेर पाहत होते आणि मनात नावांचा घोळ चालू होता. बाजूच्या सीटवरच्या बाईने मला दोनदा विचारलं, कोणाच्या मयतीला चालल्या का?

मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो तेव्हा साडेअकरा झाले होते आणि उन्हाने डोकं फुटत होतं. पौर्णिमाने दार उघडलं. पस्तिशीची, ताठ मानेची. पाणी दिलं, बसा म्हणाली, हसली नाही. आत कूलरसमोर खाटेवर मनकर्णाबाई बसल्या होत्या, कोपऱ्यात किसनरावांचा कॉम्प्युटर कापड टाकून ठेवलेला.

"तुमीच का थे बाई?" त्यांनी मला विचारलं. "हे म्हनत, बाई लय भांडते."

"मीच," मी म्हणाले.

"मंग सांगा. होती का मानसं, का नोती?"

नितेश उभाच होता. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं: नियम काय होता, कोणी घातला, मेल कुठे अडकली. एकही शब्द स्वतःला वाचवायला वापरला नाही. माझं नाव मात्र घेतलं नाही, ते मी मध्येच घेतलं. मनकर्णाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. सांगून झालं तेव्हा त्या सुनेकडे वळल्या.

"तू लिहिलं होतं ना व आदी?"

पौर्णिमाचा चेहरा पांढरा पडला. "हो. बाबांनी लावलेल्या सवयीनं श्री लिहिलं होतं."

"म्या पुसाले लावलं," मनकर्णाबाई आम्हाला म्हणाल्या. "म्या म्हनलं, दुखाच्या पत्राले श्री नसते, पूस. म्याच पुसाले लावलं बापा."

त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. मी जन्मभर वर्गात हेच शिकवलं होतं.

"आता धाडता येते का?" त्यांनी नितेशला विचारलं.

नितेशने लॅपटॉप उघडला आणि पौर्णिमाची अकरा मार्चची मेल सोडली, मागे आम्हा दोघांची माफी जोडून. मग आम्ही बसून राहिलो. पौर्णिमाने वरण-भात वाढला, नको म्हणता आलं नाही. पहिलं उत्तर सुगतचं आलं, मग पुसदच्या माणसाचं. त्याने आदल्या दिवशी तब्येत विचारली होती, त्याला पुढे लिहवतच नव्हतं. नितेश एकेक वाचून दाखवत होता. कोणी 'उलंगवाडी'ची आठवण काढली, कोणी लिहिलं की किसनरावांच्या शब्दांवाचून सकाळ सुरू होत नसे. तीन वाजेपर्यंत अकरा उत्तरं आली. मग थांबली.

मनकर्णाबाई बोटांवर मोजत होत्या. "तीनशातले अकरा?"

आणखी येतील असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तीनशे बारांतले किती जण आता आहेत हे मलाच माहीत नव्हतं. सत्तावीस घरांनी कळवलं तरी होतं, कळवायला कोणी नसलेली घरंही असतील.

नितेशने पुठ्ठ्याची फाइल उघडली. "काकू, बाकीच्यायतले हे," तो म्हणाला. "किसनरावकाकाच्या आदी गेले हे. यायचीबी पत्रं तशीच पडून होती." आणि त्याने वाचायला घेतलं. नाव, गाव, तारीख.

तिसऱ्या नावाला मनकर्णाबाईंनी हात वर केला. "माणिकबाई? सीतादहीवाली? कापूस येचाच्या आदी दही-भाताची पूजा कशी करत, तिनं सारं लिहिलं होतं. हे जेवताना सांगत मले. गेली थे?"

"नऊ वर्षं झाली."

पुढच्या नावाला त्या म्हणाल्या, "थो मोगडावाला. त्या औताच्या नावावरून यायचं त्याचं लय भांडन झालं होतं." एकेका माणसाला त्या त्याच्या शब्दावरून ओळखत होत्या. किसनराव रोज रात्रीच्या जेवणाला बसले की खळ्यावर काय झालं ते त्यांना सांगायचे. त्या ऐकत नाही असं दाखवायच्या आणि सगळं ऐकायच्या. बापूसाहेबांचं नाव नितेशने वाचलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब. हे त्यायले मोठे भाऊ म्हनत." मी पदर डोळ्यांना लावला.

सव्विसावं नाव झालं. सत्ताविसावं किसनरावांचं होतं, ते त्याने वाचलं नाही.

"हे सारे यायच्या आदी गेले?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"हो."

"अन् यायले कोनी सांगतलंच नाही."

"नाही."

"मंग थे कसे येतील तेराव्याले," त्या म्हणाल्या. त्या कापड टाकलेल्या कॉम्प्युटरकडे वळल्या. "हे त्यायच्याशीच बोलत होते. माहीत नोतं बिचाऱ्याले." मग खाटेचा आधार घेऊन उठल्या. "पौर्णिमे, मोरीत पानी काढ."

"आता? आई, तुमची अंघोळ झाली सकाळी."

"सव्वीस मानसायचं कानावर आलं. अंगावरून पानी घ्या लागते."

"आपले सोयरे थोडेच होते थे."

"यायचे होते," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्या मोरीत गेल्या. लुगड्यानिशी अंगावर पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला, तांब्यामागून तांब्या. किसनरावांच्या घरी जे कोणी आले नव्हते, त्यांचं सुतक त्या बाईने एकटीने धुतलं. त्या ओल्या केसांनी बाहेर आल्या. पौर्णिमा कोरडं लुगडं घेऊन धावली.

"आता तुमी," मनकर्णाबाई मला म्हणाल्या. "वकीलसाहेब तुमचे होते ना?"

माझे होते. मी हो म्हणाले, मोठ्याने म्हणाले. मोरीत जाऊन मी चार वर्षं उशिरा बापूसाहेबांच्या नावाने डोक्यावरून पाणी घेतलं आणि तिथे पाटावर बसून पोटभर रडले. पौर्णिमाचं पातळ नेसून बाहेर आले, तेव्हा दाराशी नितेश शर्ट काढून, खांद्यावर टॉवेल टाकून आपल्या पाळीची वाट पाहत उभा होता.